सी१, सी२, सी३: मिररलेस कॅमेऱ्याच्या डायलवर आपली सेटिंग्ज कशी साठवायची

जानेवारीतली सकाळ होती. उजनी धरणाच्या फुगवट्यात, कुंभारगावच्या एका मासेमारी नावेत मी बसलो होतो. जाळ्यासाठी रोवलेल्या बांबूच्या टोकावर कवड्या खंड्या बसला होता, नावेपासून जेमतेम पंधरा-वीस हातांवर. नावाडी दादांनी वल्हं उचललं आणि नाव नुसती तरंगत ठेवली. कॅमेरा बसलेल्या पक्ष्यासाठी लावलेला होता: शटर १/५०० (म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग), फोकसचा एकच चौकोन, संथ बर्स्ट (बटण दाबून धरलं की एकामागोमाग निघणारे फोटो). पाच-सहा फोटो छान आले. मग खंड्या उठला आणि पाण्यावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबला, चोच खाली, नजर माशावर. हा क्षण मिळावा म्हणूनच पुण्याहून पहाटे चारला निघालो होतो. मी शटर वाढवलं, फोकसचा भाग बदलायला मेनूत शिरलो, तिथून बर्स्टकडे वळलो. डोळा परत व्ह्यूफाइंडरला लावला तोवर पाण्यावर फक्त वर्तुळं उरली होती.

बदलायच्या होत्या फक्त तीन गोष्टी आणि तिन्हींचे आकडे मला पाठ होते. कॅमेऱ्याच्या डायलवर सी१, सी२, सी३ अशी तीन घरं त्याच कामासाठी दिलेली होती, आणि ती तिन्ही रिकामी होती. पुढच्या आठवड्यात घरी बसून ती भरली. त्यानंतर नावेत मेनू उघडायची वेळ फारशी आलेली नाही.

ही घरं भरताना मी बऱ्याच ठिकाणी अडखळलो. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमानं लिहितो. माझा कॅमेरा कॅनन ईओएस आर७ आणि लेन्स १००-४०० मिमीची, त्यामुळे मेनूची नावं कॅननची येतील. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मवाल्यांसाठी शेवटून दुसरा भाग आहे, पण पहिले सहा टप्पे कुठल्याही कॅमेऱ्याला लागू पडतात.

आधी एवढं जवळ घ्या

- पूर्ण चार्ज केलेली बॅटरी. सेटिंग्ज साठवताना मध्येच कॅमेरा बंद पडायला नको.
- आपण नेहमी वापरतो ती लेन्स, लावलेल्या अवस्थेत. दोन लेन्स वापरत असाल तर दोन्ही.
- फॉरमॅट केलेलं मेमरी कार्ड.
- कॅमेऱ्याचं मॅन्युअल. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव टाकलं की पीडीएफ मिळतं. डब्यातल्या पातळ पुस्तिकेत पुरेसं नसतं.
- कागद आणि पेन. हे टाळू नका, लगेच लागणार आहे.
- निवांत दीड तास, आणि शेवटच्या चाचणीसाठी दिवसाचा उजेड.

१. कागदावर प्रसंग लिहा, आकडे नंतर

नवशिके बहुतेकदा इथेच चुकतात. कुणाचा तरी व्हिडिओ पाहतात, त्यातले आकडे जसेच्या तसे सी१मध्ये भरतात आणि महिन्याभरानं सी१ कशासाठी होता हे विसरून जातात. साठवायचा असतो तो एक प्रसंग. आकडे त्या प्रसंगातून निघतात.

मागच्या सहा महिन्यांचे फोटो संगणकावर उघडा आणि पाहा: कुठल्या वेळी सेटिंग्ज घाईघाईत बदलावी लागली? कुठल्या वेळी फोटो हुकला? माझ्या कागदावर तीन ओळी आल्या.

पहिली: पक्षी बसलेला आहे, फांदीवर, बांबूवर, चिखलात.
दुसरी: पक्षी उडतोय किंवा कुठल्याही क्षणी उडेल.
तिसरी: घरचं कार्य आहे. बारसं, हळदीकुंकू, वाढदिवस. खोलीत ट्यूब किंवा एलईडी दिवे, माणसं बसलेली.

लँडस्केपला मी घर दिलं नाही. डोंगर थांबतो, तिथे हातानं सेटिंग्ज लावायला वेळ असतो. ज्या कामात वेळ मिळतो त्याला सी१-सी२-सी३ खर्चू नका, ही घरं मोजकी आहेत. तुम्ही लग्नाचे फोटो काढत असाल तर तुमच्या तीन ओळी मांडव, स्टेज आणि वरात अशा असतील. वारी टिपत असाल तर चालणारे वारकरी, रिंगण आणि मुक्कामाच्या तंबूतला अंधार. कागद तुमचा हवा.

२. कुठलं घर कुणाला, हे डायलकडे बघून ठरवा

ज्या दोन प्रसंगांत सारखी ये-जा होते ते डायलवर शेजारीशेजारी ठेवा. बसलेला पक्षी सी१वर आणि उडता सी२वर, म्हणजे डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता अंगठ्यानं एकच खटका पुढे. खंड्या बांबूवरून उठताना पंख जरासे पसरतो, शेपटी दाबतो, तेवढ्या वेळात हा एक खटका होतो. मधे दुसरं काही असेल तर होत नाही.

३. डायल एमवर (मॅन्युअल मोडवर) आणा आणि पाया तयार करा

डायल पूर्ण स्वयंचलित मोडवर, म्हणजे कॅननमध्ये ए प्लसवर असेल तर मेनू आखूड होतो आणि साठवण्याचा पर्याय वापरता येत नाही. मेनूत सापडत नाही म्हणून हताश होण्याआधी डायल बघा.

मी तिन्ही घरं एमवरून बांधतो. शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्स किती उघडते ते) माझ्या हातात, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर. उजेड बदलला की आयएसओ आपोआप वरखाली होतो आणि पंख गोठवणारं शटर जागचं हलत नाही. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (अ‍ॅपर्चर आपण ठरवतो, शटर कॅमेरा) ढग आला की शटर गुपचूप खाली घसरतं आणि ते कळतं घरी आल्यावर.

आता पाया. म्हणजे तिन्ही घरांत सारख्याच असायला हव्यात त्या गोष्टी. त्या आत्ता, साठवण्याच्या आधी लावून घ्या:

- फोटोचा प्रकार. मी रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, ठेवतो. व्हाइट बॅलन्स ऑटो, कारण रॉमध्ये तो नंतर सुधारता येतो.
- दोन कार्डं असतील तर कुठल्या कार्डावर काय जाणार.
- बीप बंद.
- हायलाइट अलर्ट, हिस्टोग्राम, व्ह्यूफाइंडरमधली माहिती.
- बटणांची कामं. मागच्या एएफ-ऑन बटणावर फोकस हवा असेल तर आत्ताच.
- कॅमेरा आपोआप बंद होण्याची वेळ. ती वाढवून ठेवा, कारण पुढे सातव्या टप्प्यात येईल.

हा क्रम मी चुकवला होता. आधी तिन्ही घरं भरली आणि महिन्याभरानं एमवर असताना मागच्या बटणावर फोकस घेतला. सी१वर गेलो तर तिथे जुनीच पद्धत. कारण साधं आहे: प्रत्येक घरात बटणांच्या कामांसकट जवळजवळ सगळ्या सेटिंग्जची स्वतंत्र प्रत असते. एमवर केलेला बदल सी१पर्यंत पोचत नाही. पाया नंतर बदललात तर तीन वेळा बदलावा लागतो. म्हणून आधी पाया पक्का करा आणि दोन-चार दिवस तो वापरून बघा. हात बसला की मगच पुढे चला.

घरांत न साठणाऱ्या गोष्टीही आहेत. कॅननमधला माय मेनू हिरव्या पानावर असतो आणि तो सगळ्यांना सामाईक राहतो. लेन्सच्या अंगावरचे छोटे खटके, फोकसचा आणि स्टॅबिलायझरचा, ते तर बोटानंच हलतात, त्यांना डायल काय करणार? नावेत बसल्याबरोबर ते दोन खटके अंगठ्यानं चाचपायची सवय लावून घ्या.

४. पहिलं घर: बसलेला पक्षी

डायल एमवरच आहे. आता हे लावा:

शटर १/६४०. बसलेला पक्षी पूर्ण स्थिर नसतो, मान सतत हलत असते, आणि ४०० मिमीवर आपला हातही हलतो. आर७चा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान, आहे, त्यामुळे ४०० मिमीच्या टोकाला दृश्य फुलफ्रेमवरच्या ६४० मिमीइतकं जवळ दिसतं आणि हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो.

अ‍ॅपर्चर एफ/८. माझी लेन्स ४००वर यापेक्षा जास्त उघडत नाही. तुमची उघडत असेल तर उघडा.

आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००.

फोकस सर्वो, म्हणजे हलत्या विषयाबरोबर सतत जुळत राहणारा. विषय ओळखण्याच्या पर्यायात 'अ‍ॅनिमल्स' निवडा, पक्षी त्यातच येतात. फोकसचा भाग मात्र एकच चौकोन. पक्षी लव्हाळ्यात किंवा काट्याकुट्यांत बसलेला असतो तेव्हा कॅमेऱ्याला सगळी चौकट मोकळी दिली तर तो पुढची काडी पकडतो. एका चौकोनानं डोळ्यावर बोट ठेवता येतं.

बर्स्ट संथ.

हे सगळं लावून झालं की साठवा. मेनू उघडा, पाना असलेल्या पिवळ्या टॅबमध्ये जा, 'कस्टम शूटिंग मोड (सी१-सी३)' शोधा, त्यात 'रजिस्टर सेटिंग्ज', मग सी१, मग ओके. बस, इतकंच. कॅमेरा काही समारंभ करत नाही. डायल सी१वर फिरवून खात्री करा आणि परत एमवर या.

साठवण्याआधी एक गोष्ट प्रत्येक वेळी करा: स्क्रीनवरची प्रत्येक चिन्हाची ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. त्या क्षणी जे काही चालू असेल ते सगळं आत जातं. काल चुकून लावलेला सेल्फ टायमर, उणे एकवर राहिलेली एक्स्पोजर भरपाई (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करणारी), चौरस क्रॉप, सगळं. मी एकदा भरपाई उणे एकवर असतानाच घर भरलं आणि अख्खी सकाळ काळपट फोटो काढले, उन्हाला दोष देत.

५. दुसरं घर: उडता पक्षी

इथे जरा रेंगाळतो, कारण सगळा खटाटोप याच्यासाठी आहे.

एमवरच राहा. सी१साठी लावलेलं सगळं अजून तिथेच आहे, फक्त फरक करायचे आहेत.

शटर १/२५००. मोठे, संथ पंखांचे पक्षी, म्हणजे रोहित किंवा चित्रबलाक, १/१६००लाही गोठतात. कवड्या खंड्यासारखे भरभर पंख मारणारे १/३२०० मागतात. रोज बदलायचं नसेल तर १/२५०० हा मधला आकडा चांगला आहे. पंखांच्या टोकांना थोडी धुसरता आली तरी मला चालते, त्यात उडाल्याचं कळतं. डोळा मात्र खणखणीत हवा.

अ‍ॅपर्चर तेच. आयएसओची वरची मर्यादा १२८००. सकाळी सातला पाण्यावर १/२५०० आणि एफ/८ लावलं की आयएसओ चढणारच. आर७च्या फोटोत तिथे दाणे दिसतात, हे खरं आहे. पण दाणे सॉफ्टवेअरमध्ये बरेच कमी होतात आणि हललेला फोटो दुरुस्त होत नाही, म्हणून मी शटर सोडत नाही.

फोकस सर्वोच, भाग मात्र 'होल एरिया'. मोकळ्या आकाशात किंवा पाण्यावर पक्ष्यामागे काही अडथळा नसतो, तिथे कॅमेऱ्याला पूर्ण चौकट द्या. तो पक्षी शोधतो, डोळा दिसला की डोळ्याला चिकटतो. मागे गच्च झाडी असेल तर हा मोड गोंधळतो, तेव्हा झोन (चौकटीचा ठरावीक भाग) बरा.

बर्स्ट सर्वांत वेगवान. आर७वर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन शटरनं (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट खऱ्या पडद्यानं) सेकंदाला १५ फोटो मिळतात, पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरनं ३०. तीस ऐकायला छान वाटतं, पण पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो आणि तेवढ्या वेळात पंख पुढे गेलेला असतो. खंड्याचा पंख मग केळीच्या पानासारखा वाकलेला येतो. म्हणून माझ्या सी२मध्ये इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन आहे आणि पंधरा फोटो मला पुरतात. बोट दाबून धरू नका मात्र. रॉ फोटोंनी बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो आणि नेमकी झेप येते तेव्हा कॅमेरा अडखळतो. छोट्या छोट्या दमात दाबा, आणि कार्ड वेगवान घ्या.

एक्स्पोजर भरपाई शून्यावर. उजळ आकाशापुढे पक्षी काळा पडतो तेव्हा अधिक एक लागते, गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तेव्हा उणे. पार्श्वभूमी दर मिनिटाला बदलते, म्हणून घरात शून्य आणि गरजेप्रमाणे डायलनं वरखाली.

आता 'रजिस्टर सेटिंग्ज', सी२, ओके.

६. तिसरं घर: घरचं कार्य

लेन्स बदला. माझ्याकडे ५० मिमी एफ/१.८ आहे. ती लावूनच हे घर भरा, कारण अ‍ॅपर्चरचा आकडाही साठतो. १००-४०० लावलेली असताना एफ/२.२ निवडताच येणार नाही आणि एफ/८ साठवून ठेवलंत तर बारशाच्या खोलीत सगळे फोटो दाणेदार होतील.

शटर १/१००. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारी ट्यूब किंवा साधा एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं: एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, नाहीतर चेहऱ्यावर आडवे पट्टे. १/१०० शटरमध्ये लुकलुकण्याचं एक पूर्ण आवर्तन मावतं आणि फोटो एकसारखे येतात. पाळण्यापाशी बसलेल्या आजीसाठी १/१०० पुरतं, धावणाऱ्या मुलांसाठी नाही. मुलांसाठी शटर वाढवा आणि मेनूतलं अँटी-फ्लिकर चालू करा, ते दिव्याच्या उजळ क्षणी शटर सोडतं. याही घरात पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर नको. त्यात आवाज होत नाही हे खरं, पण पट्टे सर्वांत जास्त त्यातच येतात.

अ‍ॅपर्चर एफ/२.२, आयएसओ मर्यादा ६४००, विषय 'पीपल', बर्स्ट संथ.

आणि एक बदल मी फक्त या घरात केला आहे. माझ्या बाकी घरांत फोकस मागच्या बटणावर आहे. कार्यात मात्र कधीतरी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात जातो, "दादा, तूही ये ना फोटोत" म्हणतात तेव्हा. समोरच्याला मागचं बटण माहीत नसतं आणि फोटो धुरकट येतात. म्हणून सी३मध्ये फोकस नेहमीसारखा शटर बटण अर्धं दाबल्यावर. प्रत्येक घर स्वतंत्र असल्याचा हा फायदा. वहिनींनी काढलेल्या फोटोत आता आम्ही सगळे नीट दिसतो.

७. ऑटो अपडेट बंद ठेवा

त्याच 'कस्टम शूटिंग मोड' पानावर 'ऑटो अपडेट सेट' असा पर्याय आहे. तो चालू असेल तर सी२वर असताना केलेला प्रत्येक बदल सी२मध्ये कायमचा लिहिला जातो. बंद असेल तर बदल तेवढ्यापुरता राहतो. डायल फिरवून परत आलात किंवा कॅमेरा बंद-चालू केलात की मूळ सेटिंग्ज हजर.

काहींना चालू ठेवणं सोयीचं वाटतं. माझं ठाम मत बंदच्या बाजूनं आहे. पहाटे उजेड कमी म्हणून शटर १/१०००पर्यंत उतरवलं, दुपारी ते विसरलो, आणि पुढच्या रविवारी सी२ म्हणजे १/१००० होऊन बसलं, तर मग सी२ला अर्थ काय राहिला? डायल सी२वर आला की काय मिळणार हे डोळे मिटून माहीत असलं पाहिजे.

बंद ठेवण्याचा एक त्रास आहे, तो आधीच सांगतो. कॅमेरा काही न करता पडून राहिला आणि आपोआप बंद झाला, की मधे केलेले बदल पुसले जातात. लपणात बसून भोवत्या घारीची वाट पाहताय, उजेडाप्रमाणे भरपाई लावली आहे, दोन मिनिटांनी कॅमेरा झोपला, उठवल्यावर भरपाई शून्य. म्हणून तिसऱ्या टप्प्यात ती वेळ वाढवायला सांगितली. बॅटरी जास्त जाते, एक जादा खिशात ठेवा.

एखादा बदल कायमचा हवा असं अनुभवानं ठरलं तर डायल त्या घरावर ठेवा, बदल करा आणि पुन्हा 'रजिस्टर सेटिंग्ज'मधून त्याच घरात साठवा. घाईत चुकीचं घर निवडू नका, कॅमेरा जुनं परत देत नाही.

८. गॅलरीत सराव

घरं भरली म्हणजे काम झालं नाही. अजून हात तयार व्हायचा आहे.

गॅलरीत उभे राहा. समोरच्या इमारतीवर पारवे बसतात, तेच आपले खंड्या. सी१वर दोन फोटो, पारवा उठला की खटका, सी२वर बर्स्ट. पहिल्या दिवशी डायल एकाऐवजी दोन खटके फिरतो आणि पारव्यावर बारशाची सेटिंग्ज येतात. तीन-चार संध्याकाळी दहा-दहा मिनिटं केलंत की अंगठा शिकतो. मग कॅमेरा बंद करून परत चालू करा, लेन्स काढून परत लावा, आणि प्रत्येक घर जसंच्या तसं आहे ना ते कागदाशी ताडून बघा.

लेन्सच्या झाकणाला आतून कागदी चिकटपट्टी लावून मी लिहून ठेवलं आहे: १ बसलेला, २ उडता, ३ माणसं. सुरुवातीचे दोन महिने ती पट्टी खूप कामी आली.

९. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असेल तर

निकॉनच्या झेड६, झेड७ या कॅमेऱ्यांवर या घरांना यू१, यू२, यू३ म्हणतात आणि ती डायलवरच असतात. सेटअप मेनूत 'सेव्ह यूजर सेटिंग्ज'. झेड८ आणि झेड९वर यू नाहीत, तिथे ए ते डी अशा शूटिंग मेनू बँका आहेत. त्यात शटर, अ‍ॅपर्चर आणि मोडही साठायला हवे असतील तर 'एक्स्टेंडेड मेनू बँक्स' चालू करावं लागतं. हे न कळल्यानं बरेच जण बँकांना नावं ठेवतात.

सोनीच्या ए७ ४वर डायलवर नुसते १, २, ३ असे आकडे असतात आणि मेनूत 'एमआर कॅमेरा सेट मेमरी'. या तिघांशिवाय एम१ ते एम४ अशी चार घरं मेमरी कार्डावर साठतात. कार्ड बदललं किंवा फॉरमॅट केलं की ती चार जातात, तेव्हा महत्त्वाचं काही त्यांत ठेवू नका. सोनीची मला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे 'रीकॉल कस्टम होल्ड': एखादं बटण दाबून धरलं की तेवढा वेळ ठरवलेलं शटर आणि फोकस लागू होतं, सोडलं की परत पहिलं. उडणाऱ्या पक्ष्यासाठी डायलपेक्षाही हे झटपट आहे.

फुजीफिल्मच्या एक्स-टी५सारख्या कॅमेऱ्यांवर सी१ ते सी७ अशी सात घरं आहेत, पण ती मुख्यतः रंग, फिल्म सिम्युलेशन (जुन्या फिल्मसारखी छटा) अशा चित्राच्या गुणांसाठी. शटर आणि आयएसओ वरच्या डायलवर हातानं फिरवायचे, ते घरात जात नाहीत. एक्स-एस१०, एक्स-एच२ यांच्या मोड डायलवर मात्र सी१पासून घरं कोरलेली आहेत.

१०. प्रत काढून ठेवा

गेल्या वर्षी कॅमेरा शटर बटणाच्या तक्रारीसाठी दुरुस्तीला दिला. बटण उत्तम करून मिळालं, पण सगळी सेटिंग्ज कारखान्यातून आल्यासारखी. तिन्ही घरं पुसलेली. देताना मला कुणी बजावलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. परत बसवायला दीड तास लागायला हवा होता, लागले दोन दिवस, कारण कागद हरवला होता.

म्हणून आता दोन प्रकारे जपतो. एक, प्रत्येक घरावर डायल ठेवून मेनूच्या एकेका पानाचा मोबाइलनं फोटो. वेळ जातो, पण हे कुठल्याही कॅमेऱ्यावर चालतं. मोबाइलमध्ये त्याचा वेगळा अल्बम ठेवा. दोन, ज्यांच्या मेनूत सेटिंग्ज कार्डावर जतन करायची सोय आहे त्यांनी ती फाइल करून घ्यावी. निकॉनमध्ये 'सेव्ह/लोड मेनू सेटिंग्ज', सोनीत 'सेव्ह/लोड सेटिंग्ज', कॅननच्या अनेक मॉडेलांत 'सेव्ह/लोड कॅम सेटिंग्ज ऑन कार्ड'. ही फाइल कार्डावर राहू देऊ नका, फॉरमॅट केलं की तीही जाते. संगणकावर उतरवा आणि तिचं नाव बदलू नका. निकॉनच्या फाइलचं नाव बदललं तर कॅमेरा तिला ओळखत नाही. फाइल त्याच मॉडेलच्या कॅमेऱ्यावर चढते, मित्राच्या वेगळ्या मॉडेलवर चढत नाही.

फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) बदलण्याआधी आणि कॅमेरा दुरुस्तीला देण्याआधी ही प्रत ताजी करा. परत मिळाल्यावर काउंटरवरच कॅमेरा चालू करा, डायल सी१, सी२, सी३ असा एकदा फिरवा आणि शटरचा आकडा वाचा. माझ्याकडे १/६४०, १/२५००, १/१०० दिसायला हवेत. तुमचे तीन आकडे पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवा.